दुपारी दोन ते साडेसहा

१२ जुलै

बाबांनी आज खोटं सांगितलं. आणि मी तिथेच बसून भाजी निवडत राहिले!

आत्याचा नियम घरात सगळ्यांना पाठ आहे — सकाळी निघालेलं माणूस संध्याकाळी दारात दिसलं पाहिजे, तेवढंच लांब जायचं. हिंगणघाट चालतं. नागपूर चालतं. टोरंटोची ॲडमिशन आल्यापासून ती माझ्याशी धड बोललेली नाही. तर आज बाबांनी तिच्यापुढे मोबाइल धरला. "पाह्य ताई, दुपारी दोनले दिल्लीहून विमान निघते, साडेसहाले टोरंटोत!"

"साडेचार तास? बस?"

"बस."

आत्या बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. "मंग जाऊ दे पोरीले."

इतकं सोपं! साडेअकरा हजार किलोमीटर. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणून साडेचार दिसतात. खरे चौदा.

१३ जुलै

जाम गावी जाऊन बाबांना त्यांच्या किराणा दुकानात गाठलं. "मी कुठं खोटं बोललो? लिहेल होतं ते दाखवलं." तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत गिऱ्हाइकाला पुडी न देणारे बाबा! वर म्हणे, "आचल, तू फक्त तोंड बंद ठेवजो."

१४ जुलै

तोंड बंद. आत्या समोर आली की मी दुसऱ्या खोलीत.

१६ जुलै

आई गेल्यावर मला आत्यानेच वाढवलं. शाळेआधी अक्षरं तिने शिकवली. घड्याळसुद्धा — पोळपाटावर कोळशाने आकडे, खराट्याच्या दोन काड्यांचे काटे. त्याच बाईला घड्याळाने फसवून जायचं?

पण सांगितलं आणि ती नाही म्हणाली तर? तर जायचं नाही. ठरलं.

मला जायचंय. फार जायचंय.

१७ जुलै

सांगितलं! ती वाती वळत होती. मी एका दमात सगळं — चौदा तास, घड्याळांचा फरक, बाबांचं, माझं.

तिने हातातली वात पुरी केली. "तुले घड्याळ कोनं शिकवलं?"

"तू."

"मंग मले येत नसन का?"

तिने पुढची वात घेतली.

"तिकडं रात्र तवा इकडं दिवस, मले माहीत हाय. पन धर्मा पह्यल्यांदा माह्याशी खोटं बोलून राह्यला, तेही पोरीसाठी. नाई कशी म्हनू? त्याले सांगू नको, लाजन बिचारा." मग डोळे वटारून, "तू इतके दिवस गप होती, त्याचा राग हाय मले!"

"आणि तुझा नियम?"

"त्याचं पाह्यतो मी."

काय पाहणार?

२१ जुलै

आत्या एकटीच एस.टी.ने हिंगणघाटला जाऊन आली. पासपोर्टचे फोटो काढून — स्वतःचे!

बाबा उडालेच. "ताई, तुले कायले?"

"काऊन? साडेचार तासाचं तं हाय!"