कडेचं दिसत नाही

४ डिसेंबर ८८
काल काल्हेरच्या हळदीवरून येताना पुन्हा तेच. समोरचा ट्रक डिप्पर देत नाही म्हणजे नाही. साला अप्पर मारत अंगावर येतो, आणि तो गेला की मला रस्ताच नाही. सगळं काळं. गाडी मधेच थांबवली. मागच्यांची बोंबाबोंब.
यमुनाला सांगितलं तर म्हणे, "अहो, रात्रीच्या ऑर्डरी घेऊच नका." वा! लाऊडस्पीकरवाल्यानं हळदीच्या ऑर्डरी सोडायच्या, मग कर्णे काय बारशाला लावू? आम्हा आगऱ्यांची हळद उजाडेपर्यंत वाजते, तिच्यावरच तर हे घर चाललंय. बायकोला कोण समजावणार.
दोष गाडीच्या दिव्यांचा. बासष्टची गाडी, वायरिंगही बासष्टचं. चिमणी बरी.

९ डिसेंबर
मीटर लावला. बॅटरीवर बारा व्होल्ट भरतात, बल्बपाशी जेमतेम दहा. म्हटलं नव्हतं? आयुष्य वायरी ओढण्यात गेलं, मला कोण शिकवणार. करंट बॅटरीतून निघतो, स्विचपर्यंत येतो, पुन्हा पुढे जातो. वायर बारीक. वाटेत मरतो.
कल्याण नाक्यावर इस्माईलभाईकडे गेलो. गाड्यांचं वायरिंग करतो, माणूस सरळ. म्हणाला, "काशीभाऊ, रिले डालो, मोटी वायर सीधी बॅटरीसे. और हॅलोजन." डायनामोला झेपेल का, विचारलं. "थोडा रोयेगा. रोने दो."
काचांच्या वरच्या अर्ध्या भागावर आर.टी.ओ. पासिंगचा काळा रंग आहे तो आजच ब्लेडनं खरवडून काढला. अर्धा उजेड तोच खात होता. वंदना कॉलेजातून आली, दारातच उभी राहून म्हणते, "बाबा, गाडीचं काजळ का पुसलं? दृष्ट लागेल ना." कार्टी. अठराची झाली, जिभेला हाड नाही.

१८ डिसेंबर
अंजूरला दादाकडे जेवायला. कोलंबी चांगली होती. दिव्यांचं बोललो तर दादा भडकला.
"दिवेलागन झाली का आपल्या घरातला बाप्या मानूस भायेर पडत न्हाय. देवीला शब्द दिलेला हाय. आज्यान पाळला, बापान पाळला, मी पाळतंय. तूच एक शाना!"
हे लहानपणापासून ऐकतोय. बाबा काळोख पडला की ओटीवर बसायचे ते उजाडेपर्यंत ओटीच. दादा भाच्यांच्यासुद्धा हळदीला गेला नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी लग्नाला जातो. म्हटलं, "दादा, देवीनं तुला सांगितलं असेल, मला नाही सांगितलं." वहिनी हसली. तो नाही हसला.

२६ डिसेंबर
बसवले! रिले, जाड वायर, हॅलोजन. दिवेलागणीला समोरच्या पॉवरलूमच्या कारखान्याच्या भिंतीवर मारून बघितले. लूमवरचे लोक शिफ्ट सोडून दारात आले. इस्माईलभाई म्हणतो, "दिन निकल आया!" भिंतीवरचं चिकटवलेलं जुनं पोस्टर वाचता येत होतं. यमुनासुद्धा बाहेर येऊन "बाई गं" म्हणाली. इतकं बरं वाटलं की सगळ्यांना चहा पाजला.
वाडा रोडला थोडी चालवून आणली. मधला रस्ता दुधासारखा. कडेला मात्र काहीच नाही, दोन्हीकडे भिंती घातल्यात जणू. फोकस चुकलाय.

३ जाने. ८९
फोकस दोनदा बदलून घेतला. आज इ.भाई स्वतः चालवायला बसला, मी बाजूला. म्हणाला, "देखो, वो नालेतक सब साफ. वो बकरी भी दिखती है." मी "हो हो" म्हणालो.
कुठला नाला? कुठली बकरी?

११ जाने.
आजचं आजच लिहून ठेवतो.
अंधार पडता पडता अंजूर फाट्याकडून येत होतो. डावीकडे खट्ट झालं. सायकलवाला. माझ्या डोळ्यांसमोर नव्हताच, शपथेवर सांगतो, नव्हता. उतरून बघतो तर रस्त्यावर बसलाय, कोपर सोललेलं, केसांत कापूस. लूमवर ड्युटीला निघालेला. गाडीच्या उजेडात माझ्याकडे बघून म्हणाला, "अंधे हो क्या, चाचा?"
शिवी दिली नाही. खरंच विचारत होता.
डॉक्टरकडे नेलं, पट्टी केली, कारखान्यापर्यंत सोडलं. हाड मोडलं नाही, देवाची कृपा. थोडं इकडं तिकडं झालं असतं तर आज त्याच्या गावाला तार गेली असती.
यमुनाला बोललो नाही.

२० जाने.
अंबाडीहून वंदनासाठी विचारणा आलीय. मुलगा शाळेत मास्तर, घरची शेती, माणसं शांत. यमुना हवेत आहे. मी पण. मुलगा कॉलेज पुरं करू देईन म्हणतो.

२३ जाने.
कशेळीच्या हळदीत गाडी आत घेताना मंडपाचा कोपऱ्यातला बांबू पाडला. अर्धं कापड खाली. बायका किंचाळल्या. कुणी दुखावलं नाही. पोरं हसायला लागली, "काका आधीच लावून आले!"
मी काय केलं? हसलो. वर थोडा झोकांडलो पण. आयुष्यात थेंब घेतला नाही, आणि काल सगळ्या गावासमोर दारुडा झालो. दारुड्याला लोक सांभाळून घेतात. दुसरं जे आहे ते कळलं तर कर्ण्यांची ऑर्डर कोण देईल?
दुपारपर्यंत यमुनाच्या कानावर. माझ्या तोंडाशी तोंड आणून वास घेतला. मग खाली बसली. "पीत नाही तुम्ही. मग काय होतंय?"
सांगितलं. सायकलवाल्याचंही. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२७ जाने.
ठाण्याला डोळ्यांचा डॉक्टर. डोळ्यात थेंब घालून बसवलं, मग बॅटरी मारून मारून बघितलं. डोळ्याचा आतला पडदा कडेकडून सुकत आलाय म्हणे. मधलं दिसतं, कडेचं जातं, काळोखात आधी जातं. औषध नाही. चष्मा नाही. ऑपरेशन नाही. अंधार पडल्यावर गाडी बंद म्हणजे बंद. पुढे दिवसाही.
म्हटलं, "डॉक्टर, मी नवे दिवे बसवलेत, हॅलोजन." त्यानं वर बघितलं. तरुण आहे, हसला नाही. म्हणाला, "सूर्य बसवलात तरी तुमच्या पडद्याला कडेचं दिसणार नाही."
"घरात आणखी कुणाला?" विचारलं. मी म्हटलं, कुणाला नाही.
"मुलांना तपासून घ्या. सगळ्यांना होतंच असं नाही. पण घ्या."
एस.टी.नं परत आलो. खारेगावच्या खाडीपाशी एकदम बाबा आठवले. ओटीवर बसलेले. लघवीला जायचं तर आईचा हात धरून जायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारपण. तेव्हा त्यांचं वय माझ्याएवढं.
देवी वगैरे काही नव्हतं. कुणालाच दिसत नव्हतं.

२९ जाने.
दादाला एकट्याला शेताच्या बांधावर गाठलं. सरळ विचारलं. "तुला संध्याकाळी दिसतं का?"
गवत उपटायला लागला. मग म्हणाला, "मना न्हाय दिसत ता काय गावभर सांगू?"
"मला तरी सांगायचं!"
"तुला शब्द सांगितला व्हता का न्हाय? पाळला आसतास तं काय झाला आसता?"
रागानं मी काय काय बोललो. आज्यानं स्वतःची लाज देवीच्या गळ्यात बांधली, बापानं तेच, तू तेच, आणि मी मूर्ख वायरी बदलत बसलो! कोण मेलं असतं म्हणजे तुम्ही तोंड उघडलं असतं?
मग त्याची मुलगी मंदा आठवली. चार वर्षांमागे काल्हेरला दिली. विचारलं, "मंदीला?"
"ती काळोखात आंगनात उतरत न्हाय," दादा म्हणाला. "भुताचा भ्या वाटतो सांगते सासरी. नांदतेय ना? सांगितला आसता तं कोनी केली आसती?"
त्याच्या डोळ्याला पाणी होतं. माझा राग तिथेच गेला.

५ फेब्रु.
पुढच्या हळदीच्या ऑर्डरी दुसऱ्याला देऊन टाकल्या. दिवसाचे सत्यनारायण, उद्घाटनं तेवढी ठेवली. लोक विचारतात, तर सांगतो, कंबर धरलीय. इ.भाई विचारतो, "लाईट कैसी चल रही है?" म्हटलं, एकदम झकास.
खोटंही नाही. दिवे झकासच आहेत.

१२ फेब्रु.
यमुना ऐकत नाही. वंदनाला ठाण्याला न्यायचं म्हटलं की पातेली आपटते. आज स्पष्ट बोलली, "तपासलं की कळणार. कळलं की सांगावं लागणार. सांगितलं की पोर घरात. मला नाही कळून घ्यायचं."
"आणि त्या मास्तराला फसवायचं?"
"मला कुणी सांगितलं होतं तुमच्या घरचं?"
तिला कुणी सांगितलं नव्हतं, मलाही नाही, पण ते तिला काय करायचंय.

२१ फेब्रु.
मुलीवर चोरासारखी पाळत ठेवतोय. काल लाईट गेले. वंदना होती तिथेच बसून राहिली, मेणबत्ती येईपर्यंत उठली नाही. पण लाईट गेले की कोण उठतं? परवा संध्याकाळी उंबऱ्याला ठेचकाळली. उंबऱ्याला तर सगळेच ठेचकाळतात. ताटातलं मीठ शोधत होती की नुसती खेळत होती?
असा बाप कुणाला मिळू नये.

१० मार्च
अंबाडीकरांना मुलगी पसंत. १९ ला रविवारी बोलणी करायला येतात. मास्तर परवा कॉलेजबाहेर भेटून गेला म्हणे, दोघांनी उसाचा रस घेतला. वंदना गाणं गुणगुणत केस विंचरते. मी ठरवतो, आज बोलू. मग ते गुणगुणणं ऐकतो आणि पेपर उघडतो.

१९ मार्च, सकाळ
काल दुपारी दादाला बोलावणं करायला अंजूरला गेलो, वंदनाला बरोबर घेऊन. वेळेत निघू म्हटलं होतं. वहिनीनं चहा, मग पोहे, मग पापड बांधून दिले. गावाबाहेर आलो तोवर दिवस बुडाला. दिवे लावले. समोर पांढरा रस्ता, बाकी नाही. गाडी कडेला घेतली.
तिथेच सांगितलं सगळं. आजोबांचं, दादाचं, माझं, मंदीचं. डॉक्टर काय म्हणाला ते. तिची आई काय म्हणते तेही. समोर काचेतून बघत ऐकत होती.
मग म्हणाली, "तपासायचं की नाही, सांगायचं की नाही, हे तुम्ही दोघांनीच ठरवत बसलात. मला कुणी विचारलं का?"
"आता विचारतोय. तुला दिसतं का गं?"
"आधी त्याला सांगेन. मग तुम्हाला."
पुढे विचारायची हिंमत नव्हती.
गाडी चालवायचा प्रश्नच नव्हता. म्हणाली, "चला, मोठ्या बाबांकडे परत चालत जाऊ, तिथून रिक्षा बघू." उतरलो. शेतातली वाट, एका अंगाला खाडीचं पाणी. तिनं माझा हात धरला. मी पाय टाकत राहिलो, ती नेईल तसा. वाटेत दोघंही थांबत होतो, पुन्हा चालत होतो. कितीतरी दिवसांनी हायसं वाटलं. म्हटलं, चला, पोरीला दिसतंय. देवा, पोरीला दिसतंय.
दादाच्या ओटीचा दिवा दिसला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बरोबर आणलंत हां. मला वाटलं, आता खाडीतच जातो आपण."
मी म्हटलं, "मी कुठे? तू आणलंस."
दोघंही उभे राहिलो. मग ती हसायला लागली. मलाही हसू आलं, आवरेना. ओटीवरून दादा ओरडतोय, "कोन हाय ता? कोन हाय?" हसता हसता तिनं ओढणी तोंडात कोंबली. खांदे हलत होते. मी जवळ घेतलं. ती चेष्टा करत होती की कसं, ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
रात्री रिक्षानं घरी आलो, आज उजाडल्यावर गाडी आणायला गेलो. दिवे तसेच राहिलेले, बॅटरी पार उतरली. ढकलून चालू केली.
यमुनानं पुरणपोळ्या केल्यात. वंदना हिरवी साडी नेसून बसलीय, म्हणते, "मला त्याच्याशी आधी एकटीला बोलायचंय." यमुना माझ्याकडे बघते. मी म्हटलं, बोलू दे. यमुना पदर तोंडाला लावून आत गेली.
बाहेर जीप थांबली. माणसं उतरताहेत.