पाच मिनिटांत चेहरा

शिवाजी नगर, भोपाळ
सोमवार, दुपार

ती. रत्नप्रभाताईस,

धाकट्या दिगंबरचा वाकून नमस्कार (कंबर हल्ली जेवढी वाकते तेवढाच, उरलेला मनाने पोचता करून घे). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं पथ्य चालू आहे, की ते अजून शेजाऱ्यांकडे जाऊन चिवडा खातात? आम्ही इकडे सुखरूप आहोत. हा शब्द मी या वेळी विचार करून लिहिला आहे, कारण परवा शनिवारी संध्याकाळी आपण सुखरूप राहू असं मला अजिबात वाटत नव्हतं.

झालं असं, की बिट्टन मार्केटच्या जरा पुढे एका मोकळ्या मैदानात दर शनिवार-रविवार कलेचा बाजार भरायला सुरुवात झाली आहे. मातीची भांडी, गोंड चित्रं, बाटिकच्या ओढण्या, सगळं उघड्यावर. आमच्या योगिनीने (लेकच ती, सांगायचं कुणाला?) मला न विचारता तिथे माझं नाव देऊन टाकलं आणि 'पाच मिनिटांत तुमचा चेहरा' असा फलकही रंगवून आणला. निवृत्त झाल्यापासून मी घरच्यांचे चेहरे काढत बसतो हे खरं. पण ताई, चौतीस वर्षं मी कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. रस्त्याखालच्या मोऱ्या काढल्या, पूल काढले. एकाही मोरीने 'मी अशी दिसते का हो?' म्हणून विचारलं नाही. माणसं विचारतात. त्या धास्तीने चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. (वंदना म्हणते, उतरला, पोह्यांच्या दोन-दोन बश्या उतरल्या. बायको असली म्हणून इतकं लक्ष ठेवू नये.)

शनिवारी तीन वाजता टेबलामागे बसलो आणि कुणी येऊ नये म्हणून देवाला विनवू लागलो. कुणी थांबलंच तर मी पेन्सिलीला टोक करायला घेई. अशा तीन पेन्सिली संपवल्या. शेजारी गौरी नावाची मुलगी मातीची खेळणी विकत होती. ती म्हणाली, "अंकल, ऐसे घूरोगे तो कौन आएगा?" मी रोखून बघत नव्हतो गं, घाबरल्यावर माझा चेहराच तसा होतो.

साडेपाचला गजराजसिंह आले (नाव मागाहून कळलं). माणूस दाराच्या चौकटीएवढा आणि मिशा त्या चौकटीबाहेर. बायकोला समोर बसवून म्हणाले, "इनका बना दो," आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले, इतके जवळ की त्यांचा श्वास माझ्या मानेवर. बाईंचा डावा डोळा जरासा तिरळा. शहाण्या चित्रकाराने तो सरळ केला असता. पण भीतीने माझी बुद्धी बंद पडली आणि हात जुन्या सवयीवर गेला: जागेवर जे असेल ते कागदावर. चित्र पुरं झालं तेव्हा कळलं, तिरळेपणा अंशाचाही फरक न करता उतरला आहे. खोडरबर शोधलं, ते केव्हाच टेबलाखालून घरंगळत गेलं होतं. गजराजसिंहांनी चित्राकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाईंनी पदर तोंडाला लावला. गजराजसिंहांनी कागदाची गुंडाळी केली आणि दोघं निघून गेली.

मी तातडीने आवरायला घेतलं. फलक उतरवतोय तोच ते परत आले, सोबत दोन भाऊ. मिशा त्याच, फक्त मापाने लहान. "चलिए मास्साब." (म्हणजे मास्तरसाहेब, म्हणजे मी.) कुठे, ते सांगेनात. मी म्हटलं, मला रक्तदाब आहे. तर म्हणाले, "गाड़ी में बैठना है, दौड़ना थोड़ी है." गौरीकडे आशेने पाहिलं, तर त्या बयेने माझी पिशवी भरून हातात दिली. वंदनाला फोन लावला. ती ऑफिसच्या मैत्रिणीच्या लेकीच्या डोहाळजेवणात होती. तिने फोन कापून 'नंतर' एवढंच लिहून पाठवलं. छत्तीस वर्षांच्या संसाराचा शेवटचा शब्द हाच, असं समजून मी गाडीत दोन भावांच्या मध्ये बसलो. पोलिसांना सांगता यावीत म्हणून वळणं पाठ करत होतो, पण भीतीने डोळेच मिटले होते, त्यामुळे एकही वळण दिसलं नाही.

गाडी थांबली ती एका अंगणापाशी. खाटेवर नव्वदीच्या आसपासची एक म्हातारी बसलेली, हातात सुनेचं ते चित्र. एवढे गजराजसिंह, पण आवाज एकदम बारीक झाला: "अम्मा फोटो नहीं खिंचवातीं. कहती हैं, झूठा आता है."

म्हातारीच्या चेहऱ्यावर उजवीकडे कपाळापासून हनुवटीपर्यंत भाजल्याची खूण होती. ती मला म्हणाली, "तूने बहू की आँख छोड़ी नहीं. मेरा भी कुछ मत छोड़ना."

ताई, मग मी वेगळ्याच भीतीने घाबरलो. आता माझा हात कनवाळू झाला तर? आणि तो झालाच. खुणेपाशी आल्यावर पेन्सिल आपोआप बाजूला गेली. म्हातारीने माझं मनगट धरलं. "ये रह गया." मग मी ती खूण काढली, एकेक सुरकुती धरून. पाच मिनिटांच्या कामाला तास लागला. तिने कागद लांब धरून पाहिला. "हाँ. यही हूँ मैं." आणि लगेच, मास्साबला अजून चहा कसा दिला नाही म्हणून मुलांना झापलं. गजराजसिंह भिंतीकडे तोंड करून हुंदके द्यायला लागले. एवढा मोठा माणूस रडायला लागला तर काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. पाठीपर्यंत हात पोचेना, म्हणून कोपरावर थोपटलं.

त्यांनी घरी आणून सोडलं. मी योगिनीला ठणकावून सांगितलं आहे, त्या बाजारात पुन्हा पाऊल टाकणार नाही. भाऊजींना नमस्कार सांग आणि गुडघ्याला जप.

तुझा,
दिगंबर

ता. क. येत्या शनिवारी तीनपासून मी बसणार आहे. गजराजसिंहांच्या सासुरवाडीचे सात जण येताहेत, आणि त्यांना नाही म्हणायची माझी हिंमत नाही.

ता. क. २. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. काल, रविवारी दिवसभर मी आपल्या आईचा चेहरा काढून पाहिला. तिचा फोटो एकच, तुझ्या लग्नातला, आणि त्यात तिने पदर पुढे ओढलेला आहे. कपाळ जमलं. कुड्या जमल्या. तोंड काही केल्या येत नाही. हसताना तिचा एक दात ओठावर यायचा ना? की तो मीच मनाने घातला आहे? यायचा असेल तर डावा की उजवा? तू तिला एकोणीस वर्षं पाहिलंस, मी नऊच. नीट आठवून लिही, पण लवकर लिही. तू चौऱ्याहत्तरची झालीस ताई, आणि तुझ्याशिवाय हे विचारायला मला कुणी नाही.