बैठक संपावी म्हणून

सिस्टर, तुमच्याशी माझं एक भांडण राहून गेलंय. सहावीत माझी दाढ ठणकत असताना तुम्ही मला फळ्यापाशी उभं केलंत. मी म्हटलं, दाढ दुखतेय, काही सुचत नाहीये. तुम्ही तुमच्या करकरीत इंग्रजीत म्हणालात, "दाढ दुखतेय ना? डोकं तर नाही? दुखणं येशूला अर्पण कर आणि गणित सोडव." मी सोमवार करणाऱ्या आईची मुलगी, तरी मुकाट्याने अर्पण केलं. दाढ ठणकतच राहिली, गणित चुकलं, आणि ही मुलगी सबबी सांगते असं तुम्ही अख्ख्या वर्गाला सांगितलंत. अंग वेगळं आणि डोकं वेगळं, हे तुमचं शिकवणं साफ खोटं होतं.

आता या वयात मला नागीण झाली. फोड गेले, बरगडीतली आग राहिली. ब्लाउजचं कापड घासलं तरी चटका बसतो. सकाळी अंघोळीनंतर थोडा वेळ बरा जातो, तेव्हा मी शब्दकोडं सोडवते आणि वर्तमानपत्रातल्या चुकाही काढते. दुपारनंतर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि गॅसवर दूध ठेवलं होतं हे ते उतू गेल्यावर कळतं. सूनबाई हळूच म्हणतात, "आई विसरायला लागल्यात." विसरत नाहीये हो! आत कुणीतरी भोंगा लावून बसलंय, त्यात मला माझंच ऐकू येत नाही.

आमची शनिवार पेठेतली इमारत पाडून नवी बांधणार आहेत. खाली पार्किंग, म्हणून मला पहिला मजला हवा, हे मी सकाळी कारणांसकट ठरवलं होतं. लिफ्ट बंद पडली तर जिन्याची एकेक पायरी माझ्या बरगडीत वाजते. सोसायटीची बैठक मात्र संध्याकाळी. सकाळी घ्या म्हटलं तर सेक्रेटरी म्हणाले, "काकू, लोकांना नोकऱ्या असतात." प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ नेमकी तिथेच रुतत होती. बिल्डरचा माणूस नकाशे उलगडतोय, उलगडतोय. "नववा मजला, काकू. पर्वती दिसते, वारा येतो. चालेल ना?" काय बोलायचं ते मला ठाऊक होतं, पण वाक्याची सुरुवातच सापडेना. मी म्हणाले, "चालेल." मुलगा खूश. "बघा, आमची आई किती समजूतदार!" जन्मात पहिल्यांदा मला कुणी समजूतदार म्हटलं, तेही डोकं बंद पडल्यावर.

रविवारी सह्या आहेत, त्याही संध्याकाळीच. आत्ता सकाळ आहे आणि नववा मजला नको हे मला स्वच्छ कळतंय. मुलाला तसं सांगितलं, तर म्हणाला, "आई, तू रोज मत बदलतेस. आम्ही कुठलं खरं धरायचं?" सकाळचं, असं त्याला समजावता समजावता आग चढली आणि मीच म्हणाले, "जाऊ दे."

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून सांगते. त्या दिवशी 'चालेल' म्हटल्यावर मला खुर्चीतून उठता आलं, घरी जाऊन आडवं होता आलं, आणि फार बरं वाटलं. रविवारीही तसंच खुर्चीतून लवकर उठायला मिळावं, असं मला आत्तापासूनच वाटतंय.