चौघांची नाव

प्रिय सोनाली,

तू दिवाळीलाही येणार नाहीस, हे कुंदनने सांगितलं. आईपेक्षा भावाला सांगणं तुला सोपं गेलं असेल. मी रागावले नाही. दात काढायच्या आधी सुई मारली की गाल बधिर होतो ना, तशी मी सध्या आहे. शेजारच्या लीलाकाकू रोज म्हणतात, रंजना, एकदा पोटभर रडून घे. मी हो म्हणते आणि चहा टाकते.

कुंदन वेळेवर कामाला जातो, वेळेवर जेवतो. रविवारी आम्ही तुझा पुराचा खेळ मांडतो. नदी चढत येते, चौघांनी मिळून नावेत पोचायचं, एक जरी मागे राहिला तरी सगळे हरले. तू आणलास तेव्हा पप्पांना हे पटेचना. "येकमेकले मारानं नही, मंग खेयानं काय?" म्हणाले आणि पहिल्याच डावात सवयीने माझी सोंगटी मारून पटाबाहेर ठेवली. आपण सगळेच बुडालो. पुढे त्यांना असा नाद लागला की पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या मिलमधून आले की नखांतला रंगही न धुता पटापाशी बसायचे. त्यांची पिवळी सोंगटी त्या रंगानेच निळसर झाली.

त्यांची शिफ्ट बदलायची, म्हणून नियम त्यांनीच काढला. जो कामावर असेल त्याची सोंगटी घरातल्याने चालवायची, त्याला बुडू द्यायचं नाही. खोक्यातल्या नियमांत हे कुठेच नाही, असं तू म्हणालीस. खोकं बनवणाऱ्याला शिफ्ट नसेल, असं ते म्हणाले.

आम्ही अजून चारही सोंगट्या मांडतो. त्यांची मी चालवते, तुझी कुंदन. तसं काही आमचं ठरलेलं नाही. परवा चौघंही नावेत पोचलो, पप्पा गेल्यानंतर पहिल्यांदाच. कुंदन "जीती गया" एवढंच म्हणाला आणि सोंगट्या भरायला लागला. मलाही काही वाटलं नाही. पंख्याकडे बघत बसले. मग लक्षात आलं की इतके महिने मी त्यांना कामावर गेलेलं धरून चालले आहे.

तेवढ्यासाठी हे पत्र. फोनवर तू ठीक आहेस ना विचारतेस, मी हो म्हणते, आणि बोलणं तिथेच संपतं. त्यांच्याशिवाय हे घर तुला बघवत नाही, हे मला कळतं. मलाही बघवत नाही, पण मी त्यातच राहते. पप्पा आता शिफ्टवरून येणार नाहीत. त्यांची सोंगटी मी चालवीन, जमेल तोवर. पण तो नियम कामावर गेलेल्यासाठी होता, घर टाळणाऱ्यासाठी नव्हता. म्हणून कुंदनला सांगितलंय, ताईच्या सोंगटीला यापुढे हात लावायचा नाही. ती मांडू तिथेच राहील. पाणी चढेल. तू येऊन ती उचलेपर्यंत दर रविवारी आम्ही हरणार आहोत.

पटाशी तुझी जागा मोकळी ठेवून बसलेली,
तुझीच आई