रिकाम्या बाकांचा बँड

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हाचं तुमचं वय ओलांडून मला बरीच वर्षं झाली. एक गोष्ट त्या वेळी विचारली नाही, ती आता विचारतो. आपला बँड वाईट वाजवायचा. हे तुम्हाला नक्की माहीत होतं, कारण आपल्यात कान असलेले तुम्ही एकटेच होता. मग दर सरावाला तुम्ही इतके खूश कसे असायचात?

पन्नासचं दशक संपत आलं होतं. तुम्ही उरणजवळच्या आमच्या शाळेत घाटावरून बदली होऊन आलेले, मी मिठागराच्या कचेरीत नवा कारकून. कुठल्याशा गिरणीचा मोडलेला बँड तुम्ही मिळवलात आणि पोचे आलेली ती पितळी वाद्यं लाँचनं आणलीत. वाजवायला गावातलेच कोळी आणि आगरी. सराव रविवारी, असं तुम्ही जाहीर केलंत. पहिले काही रविवार शाळेच्या व्हरांड्यात तुम्ही, मी आणि मांडलेले बाक. शेवटी कॉर्नेट, म्हणजे ते छोटं ट्रंपेट, घेतलेला कोळी समजवायला आला. "गुरुजी, दर्याला आयतवार समजत नाय. उधानाला आमी पान्यान असतो. भांग लागला का येऊ." भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस. भरती-ओहोटीला जोर नसतो, जाळी वाळत पडलेली असतात, माणसं मोकळी असतात. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलंत आणि त्याच्याकडूनच तिथींवर खुणा करून घेतल्यात. तेव्हापासून आपला बँड चंद्राच्या हिशोबानं वाजू लागला.

तरीही सगळे कधीच जमत नसत. कुणाची होडी अडकलेली, कुणाच्या घरी हळद. तुम्ही मात्र बाक सगळे मांडायचात, आणि गैरहजर माणसाचा भाग दुसऱ्या कुणाला वाजवू द्यायचा नाहीत. माझ्या हातात दुसरं क्लॅरिनेट होतं, म्हणजे सुरावट इतरांची, मी मागे साथीला. एकदा मी म्हणालो, "गुरुजी, पहिला क्लॅरिनेटवाला आलेला नाही, त्याचंही मीच वाजवतो." तुम्ही म्हणालात, "तो मेलेला नाही रे, मासे धरायला गेलाय." आणि हातातली छडी उचललीत. त्याची जागा आली तेव्हा त्याच्या रिकाम्या बाकाकडे वळून तुम्ही इशारा केलात, तो समोर बसल्यासारखा. पुढच्या बाकावर हसू फुटलं. तुम्हीही हसलात, पण इशारा चुकवला नाहीत.

मग पनवेलची स्पर्धा. आपली पहिलीच. मला ती जिंकायची होती, किंवा निदान त्यातून कळायला हवं होतं की मी वेळ वाया घालवत नाहीये. स्पर्धा ठेवली पौर्णिमेला. जमिनीवरच्या माणसांचा विचार सरळ होता, चांदण्यात लोक आपापल्या गावी चालत जातील. आपल्याकडे पौर्णिमा म्हणजे उधाण. एस.टी.च्या टपावर ढोल बांधून तुमच्यासह आपण पाच जण निघालो. साथीची दोन क्लॅरिनेटं, एक ट्रॉम्बोन आणि ढोलवाला. सगळे मिठागरात कामाला, म्हणून मोकळे. सुरावट ज्याची, तो कॉर्नेटवाला खाडीच्या तोंडाशी जाळ्यावर.

मला अजून तो मंडप दिसतो. तुम्ही छडी उचलता. आपण बसवलेला मार्च सुरू होतो आणि त्यात मार्चच नाही. खालून ढोल, मधून माझं पं-पं, आणि वर जिथे चाल असायला हवी तिथे नुसती हवा. लोक आधी वाट बघतात. मग मागून आवाज येतो, "अरे, वरात आली, नवरा कुठाय?" सगळा मंडप हसतो. माझे कान तापतात. तुम्ही शांतपणे डावीकडे वळता आणि जिथे कुणीच उभं नाही तिथे इशारा करता. आता तर लोक आणखीच हसतात.

परतीच्या गाडीत ढोलवाला म्हणाला, "लोकांना माजा ढोल त आयकू आला, गुरुजी. येरवी कॉर्नेटच बोंबलतो." तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. मी खिडकीबाहेर बघत होतो. मी ठरवून टाकलं होतं.

पुढच्या भांगाला मी क्लॅरिनेट परत करायला आलो. तुम्ही व्हरांड्यात, बाक मांडलेले, दुसरं कुणीच नाही. स्पर्धेची बातमी गावात पोचली होती. जे आले नव्हते ते त्या लाजेनं येत नव्हते, आणि जे वाजवून आले होते तेही. मला कळत होतं की मी ही क्लॅरिनेटची पेटी टेबलावर ठेवली की बँड संपला. मी ठेवली. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "आलाच आहेस तर तो मार्च एकदा वाजवून जा."

"एकटा?"

"तुझं तेवढं वाजव."

मी वाजवलं. माझं पं-पं, मग मोठी विश्रांती, मग पुन्हा पं-पं. तुम्ही पूर्ण मार्चचा ताल दिलात. प्रत्येक बाकाकडे वळलात, एकाला हळू म्हणून तळहात दाखवलात, ढोलाकडे बघून भुवया उंचावल्यात. संपल्यावर घाम पुसत बसलात.

मी चिडून विचारलं, "काय ऐकलंत, गुरुजी?"

तुम्ही जरा विचार केलात. "कॉर्नेट घाईत होता. बाकी बरं झालं. तुला नाही वाटलं?"

जुईनगरला आमच्या सोसायटीतले काही जण हल्ली वाजवायला जमतात. मीही जातो. न येणारे फोनवर कळवतात, टेन्शन आहे, पाहुणे आहेत. कमी माणसं आली की आमच्यातला एक जण चिडतो आणि पेटीचं झाकण आपटतो. मी त्याला काय सांगणार? तुम्हाला खरंच ऐकू येत होतं का, की मी बँड सोडू नये म्हणून तुम्ही तसं म्हणालात, हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकलेलो नाही. दोन्ही पटतं.

त्या संध्याकाळी तुमच्या प्रश्नावर मी "हो, जरा घाईत होता," असं म्हणालो आणि क्लॅरिनेट घेऊन घरी गेलो. खरं म्हणजे, गुरुजी, मला काहीच ऐकू आलं नव्हतं.