खुशबूच्या अभ्यासाची परखी

तुमसर, बुधवार

आदरणीय ईश्वरभाऊ यांस धाकट्या भोजराजचा नमस्कार. तुमची शुगर आटोक्यात असेल, वहिनीचा गुडघा वळत असेल आणि जवाहरनगरच्या क्वार्टरचं छत गळायचं थांबलं असेल, असं धरून चालतो. फोन केला असता, पण या घरात कोण कोणाचं ऐकून राहिलं याचा आता नेम नाही.

गोष्ट अशी, आमच्या खुशबूनं एमबीएच्या प्रवेश परीक्षेसाठी टाइमटेबल करून भिंतीले चिकटवलं. मले पहिल्याच दिवशी शंका आली. त्यात झोप सात तास, फिरणं अर्धा तास, आणि एक रकाना चक्क 'सोडायचे प्रश्न'. (आपण प्रश्न सोडले तर गुरुजी छडी काढत, ही सोडायचाच सराव करते.) तीस वर्षं राइस मिलसाठी धान घेऊन राहिलो. पोत्यात तीन ठिकाणी परखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, खुपसायची, तिन्ही वेळा पोचट दाणा निघाला की गाडी परत. तोच कायदा घरी लावला. वर तिच्या मोबाइलची घंटी वाजली की मी गुपचूप जिना चढायचो. पहिल्यांदा पोरगी मुरमुरे खाऊन राहिली होती. दुसऱ्यांदा खिडकीत उभी. तिसऱ्यांदा तर पलंगावर पडून मैत्रिणीशी फोनवर हसून राहिली होती. झालं, मी त्याच दिवशी सिहोऱ्याच्या पाहुण्यायले रविवारी तिले पाहायले बोलावून टाकलं. रविवारीच तिची नागपूरले परीक्षा आहे, हे मले माहीत होतं. तुमच्यापासून कायले लपवू?

तेव्हापासून खुशबूची माय रेणू माझ्याशी मोजकंच बोलते आणि चहात साखर मात्र जास्त टाकते. त्याचाही मले संशय आहे.

तुमचा,
भोजराज

ता. क. पत्र लिहून झाल्यावर घंटीची वाट न पाहता वर गेलो. पोरगी पेपर सोडवत होती, तिनं मानही वर केली नाही. मग रेणूनं सांगितलं, पन्नास मिनिटं अभ्यास, मग घंटी, मग दहा मिनिटं सुटी. म्हणजे मी इतके दिवस नेमकी सुटीच तपासून राहिलो होतो.

ता. क. २. खुशबूले विचारलं, हे मले काहून नाही सांगितलं? म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारलंच कुठं? तुम्ही तर तपासून राहिले होते." मनाले लागलं, भाऊ.

ता. क. ३. तर सिहोऱ्याच्या पाहुण्यायले तुम्हीच फोन करून नाही म्हणा, मोठ्याचा शब्द ते मोडणार नाहीत. आणि रविवारी तिले नागपूरले तुम्हीच न्या. मी गेलो तर परीक्षेच्या खोलीत खिडकीतून डोकावीन, माझा काही भरवसा नाही.