मचाणावरचा फोन

ता. अहेरी
फेब्रुवारी २००८

प्रिय निकेश,

तू दिलेल्या फोनवर नथ्थूभाऊ बोलतात म्हणून रागावू नकोस. फोन चोरीला गेलेला नाही आणि मीही ठणठणीत आहे. गावात रेंज मिळते ती फक्त त्यांच्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या मचाणावर. धान निघालं तरी ते दिवसभर तिथंच टोपल्या विणत बसतात, म्हणून फोन त्यांच्या हवाली केला, गावच्या हँडपंपासाठी. कोणाचाही फोन आला की ते “पंप चालू हाये” म्हणतात आणि ठेवून देतात. तुलाही दरवेळी तेच ऐकावं लागलं म्हणे! मी पोट धरून हसले.

पूर्वी पंप बिघडला की अहेरीच्या बाजाराची वाट पाहायची, तिथं मिस्त्रीला निरोप द्यायचा, मग तो येईल तेव्हा येईल. तोवर नाल्याच्या वाळूत खड्डा करून वाटीनं पाणी भरायचं. आता सरफराज मिस्त्रीशी ठरलंय, मचाणावरून मिस कॉल आला की उचलायचा नाही, पाने-वायसर घेऊन निघायचं. परवा सकाळी पंप नुसताच हवा ओढू लागला, आणि माझं वरण शिजायच्या आत पाणी आलंसुद्धा. सरफराज हात धुता धुता म्हणाला, “बाई, तुमचा नंबर आता माही बायको बी ओयखते.”

दिवाळीत तुम्ही दोघं आलात तेव्हा पंप बंद होता. सून माझी पोटुशी, तरी उर्वशी नाल्यावरून पाण्याचा गुंड भरून आणायची, आणि अंधारात जंगलाकडे जावं लागू नये म्हणून संध्याकाळी जेवायचीच नाही. घरी सरकारी संडास होता, पण पाण्याविना त्यात सरपण भरलेलं. जाताना तू म्हणालास, “पाणी नाई तिथी तिले नाई ठेवत.” फार लागलं रे मला. पण तुझं खरं होतं. अंगणवाडीत लेकरांना हात धुवायला शिकवते मी, आणि माझ्याच घरी पाणी नव्हतं.

सरपण आता पडवीत आहे. संडास घासून लख्ख केलाय, आतून कडी बसवलीय, दाराशी पाण्याचा ड्रम भरलेला असतो. शेजारणी बघून जातात, आणि मीही जरा मिरवते.

उर्वशीला माहेर उरलं नाही आणि दिवस भरत आलेत. बल्लारपूरच्या तुमच्या त्या खोलीत तिचं कोण करणार? आलापल्लीचा दवाखाना इथून जवळ आहे. मला ती माझ्यापाशी हवी, निकेश. तिला घेऊन ये. पण नुसत्या माझ्या शब्दावर येऊ नकोस. निघायच्या दिवशी फोन लाव. नथ्थूभाऊंना मी काही शिकवून ठेवलेलं नाही, पंप बंद असला तर ते बंदच सांगतात. ते काय सांगतात ते ऐक, आणि मगच तिला गाडीत बसव.

तुझीच, पंपवाली
आई